पार्टनर व्हिसा नाकारला. न्यायालयात जावे का?

लग्न खरे आहे, संसार चालू आहे, मग व्हिसा का नाकारला? ऑस्ट्रेलियातला पार्टनर व्हिसा नामंजूर झाला की नवरा-बायको हाच प्रश्न घेऊन वकिलाकडे जातात. न्यायालयात मात्र हा प्रश्न कोणी विचारत नाही. तुमचे नाते खरे की देखाव्याचे, हे ठरवण्याचा अधिकार तिथल्या न्यायाधीशांना नाही. निर्णय देणाऱ्याने कायदा पाळून निर्णय दिला का, एवढेच ते तपासतात. हा फरक लक्षात न घेता न्यायालयात गेलेल्यांचे हजारो डॉलर आणि काही वर्षे वाया जातात. म्हणून या लेखात तीन गोष्टी पाहू: न्यायालयात केव्हा जावे, कोणत्या मुद्द्यावर जावे आणि केव्हा जाऊ नये.

आधी न्यायाधिकरण, मग न्यायालय

ऑस्ट्रेलियात राहून अर्ज केला असेल, तर पार्टनर व्हिसाचे उपवर्ग ८२० आणि ८०१. बाहेरून केला असेल, तर ३०९ आणि १००. व्हिसा कोणताही असला तरी गृह खात्याने नकार दिल्यावर थेट न्यायालयात जाता येत नाही. आधी ॲडमिनिस्ट्रेटिव्ह रिव्ह्यू ट्रिब्युनल, म्हणजे एआरटी या न्यायाधिकरणाकडे फेरविचाराचा अर्ज करावा लागतो. १४ ऑक्टोबर २०२४ पासून हे न्यायाधिकरण जुन्या ॲडमिनिस्ट्रेटिव्ह अपील्स ट्रिब्युनलच्या (एएटी) जागी आले. अर्जाची मुदत नकार कळल्यापासून २८ दिवसांची आहे आणि ती वाढवून देण्याचा अधिकार न्यायाधिकरणाला नाही. पत्र ईमेलने आले असेल, तर ज्या दिवशी पाठवले त्याच दिवशी ते तुम्हाला मिळाले असे कायदा धरतो. ईमेल एजंटच्या पत्त्यावर पडून होता किंवा स्पॅममध्ये गेला, ही सबब चालत नाही.

ही मुदत हुकली, तर नुकसान न्यायाधिकरणापुरते राहत नाही. ज्या निर्णयाविरुद्ध न्यायाधिकरणाकडे जाता आले असते, तो निर्णय तपासण्यास मायग्रेशन ॲक्ट १९५८चे कलम ४७६ संबंधित न्यायालयाला मनाई करते. त्यामुळे पहिली पायरी चुकली की पुढचा नेहमीचा रस्ताही बंद होतो.

न्यायाधिकरणात सगळे प्रकरण नव्याने पाहिले जाते. नवे फोटो, नवी बँक खाती, नवे साक्षीदार, मधल्या काळात झालेले बाळ असे सगळे तिथे मांडता येते. शुल्क साडेतीन हजार ऑस्ट्रेलियन डॉलरच्या आसपास आहे, ते दर वर्षी १ जुलैला बदलते आणि निकाल बाजूने लागला तर निम्मे परत मिळते. नाते सिद्ध करण्याची खरी जागा हीच आहे. इथे हात आखडता घेऊन ‘पुढे कोर्टात बघू’ म्हणणाऱ्याला कोर्टात काहीच नवे दाखवता येत नाही.

न्यायालय नेमके काय तपासते?

आपल्याकडे दहावी-बारावीच्या निकालानंतर बोर्डाकडे दोन प्रकारचे अर्ज करता येतात. पुनर्मूल्यांकनात उत्तरे नव्याने तपासली जातात. गुणपडताळणीत बेरीज बरोबर आहे का, एखादे उत्तर तपासायचे राहिले का, एवढेच पाहतात. न्यायाधिकरणाचे काम पुनर्मूल्यांकनाचे आहे आणि न्यायालयाचे गुणपडताळणीचे.

हे न्यायालय म्हणजे फेडरल सर्किट अँड फॅमिली कोर्ट ऑफ ऑस्ट्रेलिया, त्याचा दुसरा विभाग. त्याच्यापुढे न्यायिक पुनर्विलोकनाचा अर्ज करावा लागतो आणि निर्णयात ‘जुरिस्डिक्शनल एरर’ होती, हे दाखवावे लागते. म्हणजे न्यायाधिकरणाने कायद्याने दिलेल्या अधिकाराची चौकट मोडली, अशी गंभीर चूक. कायद्यात न्यायालयांचा हात रोखणारे कलम आहेच. पण अशी चूक झालेला निर्णय मुळात कायद्याच्या दृष्टीने निर्णयच नव्हे, म्हणून ते कलम त्याला वाचवू शकत नाही, असे ऑस्ट्रेलियाच्या हायकोर्टाने २००३ मध्ये ‘प्लेंटिफ एस१५७’ या खटल्यात स्पष्ट केले. ऑस्ट्रेलियात हायकोर्ट हे सर्वोच्च न्यायालय आहे, हेही ध्यानात असू द्या.

निकालपत्र कसे वाचावे?

न्यायाधिकरणाचा निकाल हाती आला की राग बाजूला ठेवून तो पेन्सिल घेऊन वाचा. परिच्छेदांना क्रमांक दिलेले असतात. पुढच्या गोष्टी शोधा.

*चार बाजूंपैकी एखादी राहिली का?* लग्न झालेल्या जोडप्यासाठी मायग्रेशन रेग्युलेशन्समधला नियम १.१५ए चार बाजू पाहायला सांगतो: पैशाचे व्यवहार, घर कसे चालते, समाजात नाते कसे ओळखले जाते आणि एकमेकांशी बांधिलकी किती. प्रत्येक बाजूखाली उपमुद्दे आहेत. एकत्र मालमत्ता किंवा कर्ज, घरकामाची वाटणी, मित्र-नातेवाइकांचे मत, नात्याचा कालावधी, एकमेकांना दिलेला मानसिक आधार असे हे मुद्दे आहेत. ते सगळे विचारात घेणे बंधनकारक आहे, हे या न्यायालयाच्या वरच्या फेडरल कोर्टाच्या पूर्णपीठाने २०१७ मध्ये ‘हे’ या व्यक्तीच्या खटल्यात सांगितले. म्हणून नियमाची प्रत शेजारी ठेवा आणि एकेका उपमुद्द्यासमोर निकालातला परिच्छेद क्रमांक लिहा. ज्याच्यासमोर जागा रिकामी राहील, तिथे वकिलाला दाखवण्याजोगे काही सापडले.

*महत्त्वाचा पुरावा नजरेआड झाला का?* समजा, लग्नानंतर सून वर्षभर साताऱ्याला सासरी राहिली आणि सासूबाईंनी तसे प्रतिज्ञापत्र दिले. निकालात त्या प्रतिज्ञापत्राला ‘कमी महत्त्व’ दिले असेल, तर न्यायालय हात घालणार नाही, कारण पुराव्याचे वजन ठरवणे न्यायाधिकरणाचे काम आहे. पण प्रतिज्ञापत्राचा कुठे उल्लेखच नसेल आणि ‘दोघांच्या सहवासाचा पुरावा नाही’ असे लिहिले असेल, तर तिथे मुद्दा होऊ शकतो. ‘कमी मानले’ आणि ‘पाहिलेच नाही’ यांतले अंतर ओळखणे हेच या वाचनाचे मुख्य काम.

*कायद्याचा चुकीचा अर्थ लावला का?* मुख्य व्हिसा संपल्यावर देशातूनच पार्टनर व्हिसाचा अर्ज केला, तर काही अटी माफ होण्यासाठी ‘सबळ कारणे’ द्यावी लागतात. ही कारणे अर्जाच्या दिवशीच अस्तित्वात असली पाहिजेत, असे न्यायाधिकरणाने एका प्रकरणात धरले होते. तशी कालमर्यादा कायद्यात नाही, असे पूर्णपीठाने २०१६ मध्ये ‘वाएनसिला’ खटल्यात ठरवले. अर्जानंतर झालेले मूल किंवा जडलेला आजारही विचारात घ्यावा लागतो, हा त्याचा व्यवहारातला अर्थ.

*तुमच्याविरुद्धची माहिती तुम्हाला सांगितली का?* हे लग्न पैसे घेऊन केले आहे, असे निनावी पत्र कोणी खात्याला लिहिलेले असते. अशा माहितीच्या आधारे निर्णय द्यायचा असेल, तर ती तुमच्यापुढे ठेवून उत्तराची संधी देण्याची पद्धत कायद्याच्या कलम ३५९एमध्ये घालून दिली आहे. तुम्ही कधी न ऐकलेला आरोप निकालात दिसला, तर त्यावर खूण करा.

*सुनावणी योग्य झाली का?* वाजवी कारण असूनही तहकुबी नाकारली, तर तो निर्णय कायद्याच्या दृष्टीने अवाजवी ठरू शकतो. ‘ली’ या २०१३च्या हायकोर्ट खटल्यात, तो कौशल्याधारित व्हिसाचा असला तरी, हेच घडले होते. दुभाषाच्या चुकाही इथेच येतात. मराठी बोलणाऱ्या साक्षीदाराला हिंदीचा दुभाषा मिळाला आणि उत्तरांचा अर्थ पालटला, तर तो मुद्दा मांडता येतो. मात्र त्यासाठी सुनावणीचे ध्वनिमुद्रण मागवून, नेमकी कोणती वाक्ये चुकली ते दाखवावे लागते. ‘दुभाषा बरा नव्हता’ एवढ्याने भागत नाही.

आता काय चालत नाही, तेही पाहा. ‘न्यायाधिकरणाच्या सदस्यांनी आमच्यावर विश्वास ठेवला नाही’, ‘ठरवून केलेली लग्ने त्यांना कळत नाहीत’, ‘आमच्याकडे आणखी फोटो आहेत’, ‘आमच्यासारख्याच दुसऱ्या जोडप्याला व्हिसा मिळाला’. या तक्रारी मनापासूनच्या असतील, पण न्यायालयाच्या कक्षेत त्या बसत नाहीत.

चूक सापडली तरी हार का होते?

बांगलादेशी नागरिक असलेल्या होसेन यांचा खटला २०१८ मध्ये हायकोर्टापर्यंत गेला. प्रकरण पार्टनर व्हिसाचेच होते. ‘सबळ कारणां’च्या बाबतीत न्यायाधिकरणाची कायदेशीर चूक झाली होती. पण व्हिसा नाकारायला दुसरेही कारण होते: त्यांच्याकडे सरकारचे देणे थकले होते आणि ते फेडण्याची व्यवस्था त्यांनी केलेली नव्हती. पहिली चूक झाली नसती तरी दुसऱ्या कारणाने नकार मिळालाच असता, म्हणून त्यांचे अपील फेटाळले गेले.

चूक निकालावर परिणाम करणारी असावी लागते. २०२४ मध्ये ‘एलपीडीटी’ खटल्यात हायकोर्टाने ही कसोटी पुन्हा नीट मांडली: चूक झाली नसती, तर निर्णय वेगळा होण्याची वास्तव शक्यता होती का? शंभर टक्के खात्री द्यावी लागत नाही, पण शक्यता कल्पनेतली असून चालत नाही. म्हणून निकालात नकाराची किती कारणे आहेत, ते मोजा. तीन स्वतंत्र कारणे असतील आणि चूक एकाच कारणात असेल, तर बाकीची दोन आडवी येतील.

३५ दिवस: तारीख कोणती धरायची?

न्यायालयात अर्ज करण्याची मुदत ३५ दिवसांची आहे. ती न्यायाधिकरणाच्या लेखी निर्णयावरच्या तारखेपासून मोजतात. निकाल तुमच्या हाती कधी पडला, यावर ती ठरत नाही. शनिवार, रविवार, दिवाळी, नाताळ सगळे त्यात आले.

मुदत उलटली, तर कलम ४७७नुसार वाढ मागता येते. त्यासाठी अर्जातच लेखी विनंती करून न्यायाच्या दृष्टीने मुदतवाढ का आवश्यक आहे, ते सांगावे लागते. उशीर किती व का झाला आणि मूळ मुद्द्यात दम आहे का, हे दोन्ही पाहिले जाते. आजारपणाचे कारण असेल, तर वैद्यकीय कागद जोडा. मुदतवाढ नाकारली गेली, तर त्या नकारावर फेडरल कोर्टात नेहमीचे अपील करता येत नाही. त्यामुळे मुदतवाढीवर भिस्त ठेवून निवांत राहू नका.

अर्ज कोणी करायचा आणि खर्च किती?

बाहेरून केलेल्या अर्जात न्यायाधिकरणाकडे सहसा ऑस्ट्रेलियातला प्रायोजक जोडीदार जातो. न्यायालयातही तोच जाऊ शकतो, कारण कलम ४७८नुसार न्यायाधिकरणापुढे जो अर्जदार होता, त्यालाच इथे येता येते. पत्नी पुण्यात आणि प्रायोजक पती मेलबर्नमध्ये असेल, तर कागदांवर सही पतीची लागेल. पुण्यातल्या वकिलाकडून नोटीस पाठवून काही साधत नाही.

ठरलेल्या नमुन्यातला अर्ज आणि त्यासोबत प्रतिज्ञापत्र दाखल करायचे असते. प्रतिज्ञापत्राला न्यायाधिकरणाचा निर्णय जोडायचा. पहिले प्रतिवादी इमिग्रेशन खात्याचे मंत्री आणि दुसरे न्यायाधिकरण. अर्जात मुद्दे नेमके हवेत. ‘निर्णय अन्यायकारक आहे’ हे वाक्य निरुपयोगी. ‘नियम १.१५ए मधल्या घरगुती व्यवस्थेच्या मुद्द्याचा न्यायाधिकरणाने विचार केला नाही. सासरच्या वास्तव्याबद्दलचे अमुक प्रतिज्ञापत्र परिच्छेद अमुक ते अमुक यांत कुठेही आलेले नाही’ असे लिहिले, तर न्यायाधीशांना पकडायला धागा मिळतो. पहिल्या अर्जात घाईने लिहिलेले मुद्दे पुढे न्यायालयाने दिलेल्या तारखेपर्यंत सुधारता येतात. म्हणून मुदत संपत आली असेल, तर आधी अर्ज दाखल करा, धार नंतर लावा.

दाखल करण्याचे शुल्क साडेतीन हजार डॉलरच्या वर आहे. आर्थिक अडचण दाखवता आली, तर ते कमी होऊ शकते. वकिलाची फी वेगळी. मायग्रेशन एजंट न्यायालयात तुमची बाजू मांडू शकत नाही, तिथे वकीलच लागतो. आणि हरलात, तर मंत्र्यांच्या बाजूचा खर्चही सहसा तुमच्यावर येतो. अंतिम सुनावणीपर्यंत गेलेल्या प्रकरणात ती रक्कम आठ हजार डॉलरच्या पुढे जाऊ शकते. ते सरकारचे देणे ठरते, आणि फेडण्याची व्यवस्था केली नाही, तर पुढच्या व्हिसाच्या अर्जात आडवे येते. होसेन यांच्या प्रकरणात दुसरे कारण थकलेल्या देण्याचेच होते, हे विसरू नका. हप्ते बांधून घेता येतात, ते वेळीच करा.

कायदा वकिलांनाही मोकळे सोडत नाही. यशाची वाजवी शक्यता नसताना कोणाला खटल्यात ढकलणे त्यांना मना आहे आणि दाव्यात दम आहे असे लेखी प्रमाणित करावे लागते. त्यामुळे वकिलाने प्रकरण नाकारले, तर रागावू नका, कारण विचारा. दुसऱ्या वकिलाचे मत घ्या. दोघांनीही तेच सांगितले, तर ते मानण्यात शहाणपण आहे. फी भरली की काम झालेच, असे सांगणाऱ्यापासून दूर राहा.

खटला चालेपर्यंत देशात राहायचे कसे?

ऑस्ट्रेलियातून अर्ज केलेल्यांसाठी हा सगळ्यांत नाजूक भाग. न्यायालयात अर्ज केला म्हणजे राहण्याचा हक्क आपोआप मिळतो, हा गैरसमज आहे. तुमचा ब्रिजिंग व्हिसा, म्हणजे निर्णय होईपर्यंत देशात राहू देणारा तात्पुरता व्हिसा, साधारणपणे न्यायाधिकरणाचा निर्णय कळवल्यापासून ३५ दिवसांनी संपतो. त्याआधी न्यायालयात अर्ज दाखल करून, त्या आधारे नव्या ब्रिजिंग व्हिसासाठी गृह खात्याकडे स्वतंत्र अर्ज करावा लागतो. मुदतीत केले, तर ब्रिजिंग ए मिळण्याची वाट खुली असते. उशीर झाला, तर बहुधा ब्रिजिंग ईवर यावे लागते आणि त्यात काम करण्याची परवानगी गृहीत धरता येत नाही. व्हिसाच्या पत्रातल्या अटी वाचल्याशिवाय कामावर जाऊ नका.

या काळात लग्नकार्य किंवा आजारपणासाठी भारतात यायचे झाले, तर तिकीट काढण्याआधी वकिलाला विचारा. ब्रिजिंग ए किंवा ई घेऊन देश सोडला, तर तो व्हिसा संपतो आणि परतीचा हक्क राहत नाही. परत येण्यासाठी ब्रिजिंग बी आधी घ्यावा लागतो, आणि तो ब्रिजिंग ईवर असताना मिळत नाही.

सुनावणीत काय होते?

अर्जानंतर न्यायालय वेळापत्रक देते. खात्याचे वकील सगळी कागदपत्रे एकत्र बांधून ‘कोर्ट बुक’ तयार करतात. ते आले की तुम्ही न्यायाधिकरणाला दिलेला प्रत्येक कागद त्यात आहे का, ते ताडून पाहा. अंतिम सुनावणीच्या आधी लेखी युक्तिवाद द्यायचा असतो. तारीख लागायला काही वर्षेही जाऊ शकतात. कधी चूक इतकी उघड असते की मंत्र्यांचे वकीलच ती मान्य करतात आणि सहमतीने आदेश होतो.

सुनावणीत जोडप्याची उलटतपासणी होत नाही. सगळा वाद कागदावरच्या निर्णयाचा असतो. दुभाषा हवा असेल, तर अर्जात ‘मराठी’ असे स्पष्ट लिहा. आणखी एक गोष्ट आधीच माहीत असलेली बरी: आश्रयाच्या व्हिसा प्रकरणांत अर्जदाराचे नाव झाकले जाते, पार्टनर व्हिसात सहसा नाही. निकाल नावानिशी इंटरनेटवर येतो. घरातली भांडणे, पूर्वीचे लग्न, पैशाचे वाद सगळे त्यात वाचता येते. न्यायालयात जाण्याआधी दोघांनी मिळून याचा विचार करावा.

जिंकल्यावर आणि हरल्यावर

जिंकलात, तरी व्हिसा हाती पडत नाही. न्यायालय न्यायाधिकरणाचा निर्णय रद्द करते आणि प्रकरण पुन्हा त्याच्याकडे पाठवते. सहसा दुसरा सदस्य ते नव्याने ऐकतो आणि तेव्हाची परिस्थिती पाहतो. म्हणून खटला चालू असताना पुरावे जमवणे थांबवू नका: भाडेकरार, दोघांच्या नावाची बिले, प्रवासाची तिकिटे, दूर असताना झालेल्या फोनच्या नोंदी. मराठीतल्या कागदांची नीट भाषांतरे करून ठेवा. लग्नानंतर पत्नीचे नाव बदलले असेल, तर विवाह नोंदणी, राजपत्रातली सूचना आणि पासपोर्ट यांतली नावे जुळतात का, तेही याच वेळात पाहून घ्या. नावातला असा गोंधळ महाराष्ट्रातल्या कागदांत नेहमी आढळतो आणि विनाकारण शंका निर्माण करतो.

हरलात, तर २८ दिवसांत फेडरल कोर्टात अपील करता येते. तिथे खालच्या न्यायाधीशांचे काय चुकले, ते दाखवावे लागते. त्यानंतर हायकोर्ट, पण तिथे आधी विशेष परवानगी लागते आणि ती फार थोड्यांना मिळते. कलम ३५१खाली मंत्र्यांना स्वतः हस्तक्षेप करता येतो, पण विनंतीचा विचार करण्याचे बंधन त्यांच्यावर नाही.

केव्हा जाऊ नये?

निकालात कायद्याची चूक दिसत नाही, फक्त पुरावा तोकडा होता असे प्रामाणिकपणे वाटत असेल, तर न्यायालयाचा नाद सोडा. भक्कम पुराव्यासह भारतातून नवा अर्ज करणे अनेकदा स्वस्त आणि लवकरचे ठरते. त्याचे शुल्क नऊ हजार डॉलरच्या वर आहे खरे, पण हरलेल्या खटल्यात फी, मंत्र्यांच्या बाजूचा खर्च आणि वर्षे मिळून त्याहून जास्त जाते. ऑस्ट्रेलियात राहून नकार मिळालेल्यांना तिथूनच पुन्हा अर्ज करताना कलम ४८ आडवे येते, म्हणून देश सोडायचा का, केव्हा आणि कोणत्या व्हिसावर असताना, हे वकिलाशी बोलूनच ठरवा. केवळ देशात राहण्याचे दिवस वाढवण्यासाठी खटला भरला, तर खर्चाचे देणे डोक्यावर घेऊन शेवटी तोच निर्णय घ्यावा लागतो.

निकालपत्र हाती आले की त्याच दिवशी चार कामे करा. त्यावरची तारीख पाहून ३५ वा दिवस कॅलेंडरवर लिहा. सुनावणीचे ध्वनिमुद्रण आणि पूर्ण फाइल मागवा. नकाराची कारणे मोजा आणि नियम १.१५एच्या मुद्द्यांशी एकेक ताडून पाहा. मग तो निकाल इमिग्रेशन खटले चालवणाऱ्या वकिलाला देऊन एकच प्रश्न विचारा: ‘यात निकाल बदलू शकेल अशी कायद्याची चूक कुठे आहे, परिच्छेद क्रमांक सांगा.’ उत्तरात परिच्छेद क्रमांक मिळाला, तरच न्यायालयाची पायरी चढा.